हौदाकडचं झाड

आपलाच चेहरा चौकात टांगलेला बघून माणसाला आतून काय होतं, हे आमच्याकडं फक्त पुढाऱ्यांना ठाऊक, आणि ते काही खरं सांगायचे नाहीत. दीपमाला मगरेला ते मंगळवारी सकाळी कळलं, तेही उपाशीपोटी. कॉलेजला जायला म्हणून ती जुन्या जालन्यातल्या आपल्या खोलीवरून खाली उतरली, आडत दुकानांची ओळ मागं टाकून चौकातल्या रिक्षाच्या थांब्यावर आली आणि सवयीनं वर बघितलं. तिथल्या दोन खांबांच्या मधे कायम कुणीतरी असायचंच. मागच्या आठवड्यात एका भाऊंचा वाढदिवस होता. भाऊंच्या डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल आणि खाली शुभेच्छुकांची तोंडंच तोंडं. आज तिथं एक मुलगी होती. निळा पडदा, हनुवटी जरा वर उचललेली, रंग चांगलाच उजळ केलेला, आणि डाव्या खांद्यावर कुणाचा तरी नुसता पंजा, अंगठीसकट. माणूस कापून टाकलेला, पंजा राहून गेलेला. हिला कुठंतरी बघितलंय, असं दीपमालाला वाटलं. खरंच वाटलं, मस्करी नाही. मग खालचं नाव वाचलं, तर ते तिचंच होतं.

‘समाजाची शान, आमची भाची कु. दीपमाला भिवा मगरे हिने प्रतिकूल परिस्थितीवर मात करून संशोधन फेलोशिपसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ शुभेच्छुक, अप्पाराव वाहुळे व मित्रमंडळ, शहागड. अप्पाराव म्हणजे तिचा सख्खा मामा, आणि तो पंजा त्याचाच. वाक्य मधेच कुठंतरी घसरलं होतं, पण दीपमालाचं लक्ष व्याकरणाकडं नव्हतं. निवड झालीच नव्हती की! मागास आणि वंचित घरांतून आलेल्या, पीएच.डी. करू बघणाऱ्या मुलामुलींसाठी एका संस्थेची फेलोशिप होती. अर्ज साऱ्या राज्यातून गेले होते. त्यातून तिची निवड झाली होती ती मुलाखतीसाठी, आणि मुलाखत उद्या होती, निकालही उद्याच संध्याकाळी. मिळाली तर तिला तिचं काम करता येणार होतं. नाही मिळाली तर पुढच्या महिन्यात बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं ठरलेलं होतं. तिथं कपाशीचं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं आणि त्यातलं किती उगवलं ते बघायचं, रोज, साहेब म्हणतील तोवर. नोकरी वाईट नव्हती. घरात ती सगळ्यांनाच हवी होती. पण त्या नोकरीत दीपमालाचा प्रश्न बसत नव्हता, आणि दीपमालाकडं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच होतं, तो प्रश्न.

रिक्षा आली, भरली, गेली. ती जागची हलली नाही. लाज वाटायला हवी होती, ती वाटत होतीच; राग यायला हवा होता, तोही येत होता; पण या दोघांच्या मागून तिसरंच काहीतरी डोकं वर काढत होतं आणि ते काय आहे हे कळल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. तिला त्या वरच्या मुलीशी बोलायचं होतं. त्या मुलीची मुलाखत होऊन गेलेली होती. तिला निकाल माहीत होता. मग काय विचारलं ग बाई तुला त्यांनी? पहिला प्रश्न कोणता आला? मधे कुठं अडखळलीस का, की धडाधड बोललीस? आणि खरं सांग, त्यांना काय आवडलं, तू का तुझे हाल? वरची मुलगी हनुवटी उचलून समोरच्या कापडाच्या दुकानाकडं बघत राहिली. गोरी माणसं मुळात कमी बोलतात, असं दीपमालाला उगीचच वाटून गेलं आणि तिथं एकटीच उभी असताना तिला हसू आलं.

‘काय ओ म्याडम!’ आडतीच्या ओट्यावरून हाक आली. सुरेखाबाई सूप घेऊन तुरीची डाळ निवडायला बसल्या होत्या. रोज बसायच्या. ‘निवड झाली म्हनं. अन् आमाला पत्त्या न्हाई! पेढे कुठंयेत?’ दीपमालानं खरं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, ‘उद्या देते.’ झालं. मामाचा फ्लेक्स निदान चुकून खोटा होता, हे तर चक्क तिच्या जिभेवरचं. सुरेखाबाई खूश होऊन पुन्हा सुपात वाकल्या. त्यांची बोटं डाळीत भराभर फिरत होती, टिपत होती, बाजूला टाकत होती, आणि दीपमाला बघत राहिली. निवडणं. किती वेळा बोललो आपण हा शब्द, लिहिला, अर्जात लिहिला, आणि कधी नीट बघितला नाही. सुरेखाबाई डाळ निवडतात म्हणजे काय करतात? डाळीला तर त्यांचं बोटही मुद्दाम लागत नाही. बोटात येतो तो खडा. उचलला जातो तो खडा, एकटा, नीट बघून, सगळ्यांतून वेगळा काढून, आणि मग टाकून दिला जातो. डाळ आपली सुपात राहते, सगळी सगळ्यांसोबत. मग मुलाखतीला बोलावलेले आपण कोण? या विचारानं तिला भीती वाटायला हवी होती. तिला गंमत वाटली. हा तिचा जुना रोग होता. लहानपणी ताप आला तर ती थर्मामीटर तोंडात धरून पारा वर कसा चढतो ते बघायला जायची आणि डोळे तिरळे करून घ्यायची.

तिनं मामाला फोन लावला. मामाचं शहागडला हायवेवर चहा-भज्यांचं हॉटेल होतं. त्याच्याशी बोलायचं म्हणजे निम्मं बोलणं त्याच्याशी आणि निम्मं ट्रकच्या हॉर्नशी. ‘जय भीम, भाची! पाह्यला का? कसा झालाय?’

‘मामा, अजून निवड झाली न्हाई माझी.’

‘आं?’

‘मुलाखतीसाठी निवड झाली म्हनले होते मी तुम्हाला. मुलाखत उद्या हे.’

एक लांबलचक हॉर्न मधून गेला. परवा फोनवर मधला शब्द असाच एखाद्या ट्रकखाली सापडला असणार. ‘मंग तेच की!’ मामा म्हणाला. ‘निवड झाली म्हनूनच बोलावून राह्यले ना?’

‘त्यातून परत निवडनारेत.’

‘निवडलेल्यातून परत निवडनार?’ मामाला हे बिलकुल पटलं नाही. ‘मंग आधी काय केलं त्यांनी?’ दीपमाला हसली, आणि तिच्या हसण्यानं मामाला काय ते समजलं, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला. ‘उतरवू का गं? आत्ता सांगतो. तीर्थपुरीचा बी उतरवतो.’

‘तीर्थपुरीला बी लावलाय?’

‘स्टँडवर. तुझी माय काल पाहून आली. तिथंच रडली म्हनं, येनाऱ्या-जानाऱ्याच्या समोर. बागेच्या मालकानं, रामरावनं नारळ दिलं तिला.’

आई रडली. बेबीनंदा मगरे, जी नवऱ्याचा हात यंत्रात सापडला तेव्हा रडली नाही, आधी पदर फाडून तो हात बांधला आणि मग त्याच्यावर ओरडली, ती स्टँडवर लेकीच्या फोटोखाली उभी राहून रडली. फ्लेक्स उतरवता येतो, त्याच्या दोऱ्या सुटतात. पण रडून झालेलं रडणं कसं परत घ्यायचं? ‘राहू द्या मामा,’ ती म्हणाली. ‘उद्यापर्यंत राहू द्या.’ आणि मग न राहवून, ‘मला गोरं काहून केलं?’ तर मामा म्हणाला, ते त्या फोटोवाल्याचं मशीन आपोआप करतं, त्याला न विचारता.

कॉलेजात अंगद सर वाट बघत होते. वनस्पतिशास्त्राचे अंगद सर भला माणूस. स्वतः शिष्यवृत्त्यांवर शिकलेले, त्यामुळं प्रत्येक गरीब पोराच्या मागं जातीनं लागायचे, आणि मुलाखतीची तयारी करून घेण्यात त्यांचा हात कुणी धरायचा नाही. त्यांनी खुर्च्या समोरासमोर मांडल्या, स्वतः पॅनेल झाले, दीपमालाला उमेदवार केलं आणि म्हणाले, ‘आधी परिस्थिती, मग जिद्द, मग विषय. हा क्रम सोडायचा नाही. परिस्थिती अशी सांगायची की समोरच्यानं पाण्याचा ग्लास उचलला पाहिजे. वडील सालगडी. दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत तू लहानाची मोठी झालीस. रात्री कंदिलावर अभ्यास.’

‘कंदील नव्हता सर. लाईट होती.’

‘जायची की अधूनमधून?’

‘जायची. तेव्हा मी झोपायची.’

सरांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं मुद्दाम त्यांचं काम बिघडवलंय. पण हार मानणाऱ्यातले नव्हते ते. ‘अगं, तुझा विषयच इतका आयता आहे! ताण! मोसंबीला ताण दिल्याशिवाय बहर येत नाही, बरोबर? महिना-दीड महिना पाणी तोडतात, झाड तहानेनं पानं गाळतं आणि मग फुलून येतं. आता शेवटी फक्त एवढं म्हणायचं, सर, मी ते झाड आहे. बस! बघ सगळे कसे गप्प होतात ते.’ सरांचे डोळे स्वतःच्याच वाक्यानं भरून आले होते. दीपमालालाही ते क्षणभर पटलं. वाक्य होतंच तसं. तिनं ते म्हणून बघितलं. सर, मी ते झाड आहे. आवाज छान लागला. आणि त्याच क्षणी तिला आतून इतकं अवघडल्यासारखं झालं की ती उठून खिडकीत गेली. हे सरांना कसं सांगायचं की मला झाडाबद्दल विचारायचंय सर, झाड होऊन दाखवायचं नाही?

तिचं झाड वेगळंच होतं. तीर्थपुरीजवळ रामरावांची बाग, वडील तिथं सालानं राबायचे, आई निंदणी-खुरपणीला असायची, आणि शाळा सुटली की दीपमाला तिथंच. डिसेंबर आला की मोटार बंद व्हायची. सगळी बाग हळूहळू कोमेजायला लागायची; पानं आधी कडेनं वळायची, मग पिवळी पडायची, मग खाली; जमिनीला भेगा पडायच्या आणि संध्याकाळी बागेतून चालताना एक कोरडा, कडवट वास यायचा, तो तिच्या फ्रॉकला घरापर्यंत चिकटून असायचा. रामराव पाठीमागं हात बांधून ओळींमधून फिरायचे आणि एकेका फांदीकडं बघून म्हणायचे, ‘अजून बसू द्या ताण, अजून बसू द्या.’ तिला वाटायचं, झाडं ऐकत असतील हे. मग एका सकाळी ताण तोडायचा, म्हणजे पहिलं पाणी सोडायचं, आणि पुढं थोड्याच दिवसांत बाग पांढरीशुभ्र व्हायची. तो वास काय सांगावा! शेजारच्या गावातून येणारा माणूसही सायकलवरून उतरून उभा राहायचा. सगळे म्हणायचे, बघा ताणाची करामत. फक्त एक भानगड होती. पाण्याचा हौद जुना होता, खालून पाझरायचा, आणि त्याला लागून एक झाड होतं. त्याच्या बुडाशी बारा महिने चिखल. ताणात सारी बाग सुकून काटकुळी व्हायची तेव्हाही ते आपलं हिरवंगार. सालगडी, बायका, सगळे दुपारच्या भाकरी त्याच्याच सावलीत खायचे. त्याला ताण कधी बसलाच नाही. आणि फेब्रुवारीत ते इतर झाडांच्या बरोबरीनं फुलायचं. बरोबरीनं कसलं, काकणभर जास्तच.

चौथीत असेल ती. एकदा भाकरी खाता खाता तिनं रामरावांना विचारलं होतं, ‘काका, याला तर ताण बसत न्हाई. मंग हे कसं फुलतं?’ रामरावांनी त्या झाडाकडं बघितलं. तिला पक्कं आठवतं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. आणि म्हणाले, ‘ते झाड येडं हाय.’ सगळे हसले. वडिलांनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं, मालकाला उलटे प्रश्न विचारायचे नसतात. ती गप्प बसली, पण प्रश्न बसला नाही. एका कोरड्या वर्षी रामरावांना ताण तोडायला पाणीच मिळालं नाही वेळेवर, आणि कितीतरी झाडं उभ्या उभ्या वाळली. त्यांच्याबद्दल ते म्हणाले, ‘कमजोर होती.’ हेही तिच्या डोक्यात राहिलं. जगली ती ताणानं फुलली, मेली ती स्वतःच्या कमजोरीनं मेली, आणि जे न तहानता फुललं ते येडं. मग ताणाची परीक्षा होणार तरी कधी? पुढं बी.एस्सी.ला, एम.एस्सी.ला तिनं पुस्तकं उलथीपालथी केली. थंडीनंही बहर येतो, असं पुस्तकात सापडलं. बरं, मग हौदाच्या गारव्यानं त्या झाडाला जास्त थंडी लागते का? की ओल्या मुळांतून काही वेगळं वर जातं? आणि नुसत्या थंडीनं भागत असेल तर बाकीच्या झाडांना कोरडं ठेवून आपण नेमकं काय मिळवतो? एवढंच तिला बघायचं होतं. तिथं जाऊन बसायचं होतं, मुळाशी आणि फांद्यांत थर्मामीटर लावायचे होते, ओल मोजायची होती, असे पाझरणारे हौद आणि त्यांच्याकडेची येडी झाडं साऱ्या तालुक्यात हुडकायची होती. जगातल्या कुणाला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असेल तर असो, तिला ते स्वतः बघायचं होतं. याची तिला इतकी ओढ होती की कधीकधी सांगताना लाज वाटायची.

‘तुमचं काय, तुम्हाला मिळतंच की,’ जिन्यात भेटलेला एक वर्गमित्र म्हणाला. त्यानं स्टेटसला फ्लेक्सचा फोटो बघितला होता. तो वाईट मुलगा नव्हता. एकदा त्यानं तिला स्वतःच्या नोट्स दिल्या होत्या. पण ‘तुम्हाला’ म्हणताना त्यानं तिच्या मागं कुणीतरी गर्दी उभी असल्यासारखं बघितलं, आणि दीपमालाला संताप आला, असा की कानशिलं गरम झाली. ती तशीच जिना उतरली. रिक्षात बसल्यावर मात्र ती त्याच्याशी सगळा रस्ताभर भांडली, मनातल्या मनात, आणि भांडता भांडता एक गोष्ट सापडली ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. दहावीला ती एका वेळच्या जेवणावर होती, त्या वर्षी आई आजारी होती, आणि त्या वर्षी तिला गणितात काठावर पास केलं होतं. त्या वर्षी तिला काही म्हणजे काही समजत नव्हतं. फळ्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी चालायची. अकरावीला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, दोन्ही वेळ ताट भरून यायला लागलं, शिष्यवृत्तीचं पुस्तक हातात आलं, आणि ती वर्गात पहिली आली. लोक सांगताना दहावीची भूक सांगतात आणि अकरावीचा नंबर सांगतात, लगोलग, जणू एकातून दुसरं उगवलं. मधलं ताट कुणी सांगत नाही. खुद्द तिनंही अर्जात सांगितलं नव्हतं. हे लक्षात आलं आणि ती रिक्षात ‘अगं बाई!’ असं मोठ्यानं म्हणाली; शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

संध्याकाळी आईचा फोन आला. दीपमालानं सांगून टाकलं. पलीकडं चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला. ‘म्हंजे निवड झाली न्हाई व्हय अजून?’ आई म्हणाली. ‘मंग ते रामरावचं नारळ?’

‘ठेव तसंच. उद्या बघू.’

‘फोडलं की म्या. चटनी केली. तुझ्या बापानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.’

मग दोघी हसल्या, आधी दबकून, नंतर पोट दुखेपर्यंत. हसणं ओसरल्यावर आई म्हणाली, ‘न्हाई झालं तं न्हाई झालं. नोकरी हायेच की.’ आईनं ते मायेनं म्हटलं होतं, धीर द्यायला. पण दीपमालाला एकदम रडू फुटेल असं वाटलं, कारण उद्या संध्याकाळी सगळे हेच म्हणणार होते, इतक्याच मायेनं, आणि परवापासून ते झाड नुसतं भाकरी खायची सावली होऊन राहणार होतं. तिनं आईला विचारलं, ‘तुला काय वाटतं, हौदाकडचं झाड कसं फुलतं?’ आई म्हणाली, ‘आता मला काय ठाऊक बाई. तू हाय ना शिकलेली.’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘पन फुलतं लई भारी.’

मुलाखत कॉलेजच्या संगणक कक्षातून होती. पडद्यावर तीन चौकोन. एकात अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, प्रेमळ चेहऱ्याचे. दुसऱ्यात एक गृहस्थ, ते सारखे खाली बघून काहीतरी वाचत होते. तिसऱ्यात चष्मा लावलेल्या एक बाई, मागं खिडकी. चौथ्या लहानशा चौकोनात दीपमाला स्वतः. तिनं स्वतःकडं निरखून बघितलं. सावळी, नाकावर घाम, हनुवटी जागच्या जागी. ही आपल्या ओळखीची आहे, असं वाटून तिला जरा बरं वाटलं. सुरुवात तिनं पाठ केल्यासारखी केली, छापील मराठीत. अध्यक्षांनी मान डोलवत ऐकलं, खरोखरच पाण्याचा ग्लास उचलला, आणि गहिवरून म्हणाले, ‘तुमचा अर्ज वाचताना मला सारखं वाटत होतं, दीपमाला, की हा मोसंबीचा ताण म्हणजे तुमचीच कहाणी आहे. तुम्हीच ते झाड आहात. नाही का?’ त्यांनी सगळंच वाढून दिलं होतं. तिनं नुसतं हो म्हणायचं होतं. कोपऱ्यात उभे असलेले अंगद सर तर डोळ्यांनी तिला पुढं ढकलत होते.

‘न्हाई सर,’ ती म्हणाली. छापील मराठी तिथंच संपली. ‘मी झाड न्हाई. मला ताणानं काही झालं न्हाई, उलट मी नापास होत आल्ते. मला जेवायला मिळालं तव्हा जमलं. अन् तसंच एक झाड हे तिथं, त्याच्याबद्दल मला सांगायचंय.’ मग तिनं सांगितलं. हौद सांगितला, चिखल सांगितला, फेब्रुवारीतली फुलं सांगितली, वाळून गेलेली झाडं सांगितली. सांगताना हात कुठं जातायत याचं तिला भान राहिलं नाही. दोनदा ती पडद्याच्या बाहेर गेली. खाली बघून वाचणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली. चष्म्याच्या बाई आतापर्यंत काहीच बोलल्या नव्हत्या, त्या पुढं सरकल्या. हौद किती खोल आहे? झाड त्याच्या कोणत्या अंगाला? कलम कशावर केलंय, सगळ्या बागेचं एकाच खुंटावर, म्हणजे एकाच जातीच्या मुळावर आहे का? हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. ‘माहीत न्हाई,’ ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिला इतका आनंद झाला की ती हसली. ‘हे तर बघायलाच पायजे, मॅडम!’

बाईंनी चष्मा काढून पुसला. ‘एक विचारते. समजा, फेलोशिप नाही मिळाली. तर?’

याचं उत्तर साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तरीही मी थांबणार नाही, पोटाला चिमटा घेईन, सुट्टीच्या दिवशी करीन, पण करीन. ते उत्तर दीपमालाच्या ओठांवर येऊन उभंही राहिलं होतं, नटून-थटून. आणि तिला दहावीचा फळा दिसला, त्यावरच्या चालत्या मुंग्या. ‘तर होनार न्हाई, मॅडम,’ ती म्हणाली. अंगद सरांनी कपाळाला हात लावला. ‘मी नोकरी धरीन. रविवारी बागेत जाऊन करीन असं म्हनता येतं मला, पन मी ते करनार न्हाई. थकून जाईन. बागेला जायला अन् परत यायलाच दिवस जातो. मंग तो प्रश्न तसाच राहील अन् मला आयुष्यभर त्याचा राग येत राहील. मला हे करायचंय. लई करायचंय. म्हनून तर मागायला आले.’

अध्यक्षांनी ग्लास खाली ठेवला. आता संपलं, तिला वाटलं. संपलं तर संपलं, पण खरं बोलून संपलं. बाईंनी चष्मा पुन्हा लावला. ‘ताण कधी सुरू होतो तिथं?’

‘डिसेंबरात. कधी नोव्हेंबरच्या शेवटी.’

‘मग थर्मामीटर त्याच्या आधी लागायला हवेत. आपल्याला दिवाळी झाल्या झाल्या तिथं पोचायला पाहिजे.’

आपल्याला. दीपमालानं तो शब्द कानात धरून ठेवला. तुम्हाला नाही म्हणाल्या, आम्हाला नाही म्हणाल्या. पण आपण तर काय, कुणीही म्हणतं. डॉक्टर म्हणतात, आपण इंजेक्शन घेऊन टाकू, आणि सुई एकट्या आपल्याला टोचतात. साहेब म्हणतात, आपण हे काम संध्याकाळपर्यंत संपवू, आणि गाडीत बसून निघून जातात. मग हे आपण कोणतं? बोलायची सवय, की काही कबूल केलं बाईंनी? गप्प बसून खोलीवर जायचं आणि निकाल लागेपर्यंत या एका शब्दाची उलटसुलट करायची, हे तिला जमण्यासारखं नव्हतंच. उमेदवारानं पॅनेलला प्रश्न विचारायचा नसतो, हे अंगद सरांनी वेगळं सांगायचीही गरज नव्हती.

‘मॅडम,’ तिनं विचारलं, ‘आपल्याला म्हंजे कुनाला?’

अध्यक्ष खोकले. बाई जरा थबकल्या, स्वतःचंच वाक्य मागं वळून बघितल्यासारख्या, आणि मग म्हणाल्या, ‘तुम्हाला आणि मला. मी आयुष्यभर मुळांवरच काम केलंय आणि असं झाड मी बघितलेलं नाही. मला ते बघायचंय.’

‘मॅडम, अजून उमेदवार बाकी आहेत आपले,’ अध्यक्ष हळूच म्हणाले.

‘असू देत की. त्यांनाही मनापासून ऐकू. हिच्यापुरतं माझं मत झालंय, लिहून घ्या.’

अध्यक्षांनी खाली वाकून खरंच काहीतरी लिहिलं. दीपमालाचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, आणि ओढणी हाताशी असून तिला ती सापडेना. काहीतरी नीट, शोभेलसं बोलायला हवं होतं, आभार वगैरे. पण तिच्या डोळ्यांसमोर बाईंचे पाय आले.

‘येताना जुनी चप्पल घालून या, मॅडम,’ ती म्हणाली. ‘तिथं लई चिखल असतो.’